उन्हाळ्यात नाशिकच्या वाइन पट्ट्यात दिवस कसा आखावा

एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-पुण्याहून नाशिकला येणारे पाहुणे गाडीतून उतरता उतरताच विचारतात, "द्राक्षं कुठे दिसतील?" त्यांची निराशा होऊ नये म्हणून खरे उत्तर आधीच सांगून ठेवलेले बरे. वेलींवर या दिवसांत द्राक्षे नसतात. नाशिकची काढणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते, त्यानंतर बागांना थोडी विश्रांती मिळते आणि एप्रिलमध्ये छाटणी सुरू होते. पायांनी द्राक्षे तुडवण्याचे फोटो आणि संगीताचे मोठे महोत्सव ही सगळी हिवाळ्याच्या शेवटाची कामे आहेत. तरीही उन्हाळ्यात येण्यासारखे पुष्कळ आहे, मात्र त्यासाठी दिवस घड्याळापेक्षा उन्हाकडे पाहून आखावा लागतो.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. दुपारी पारा चाळिशीच्या आसपास जातो, पण सूर्य कलला की पश्चिमेचा वारा सुटतो आणि पहाटे अंगावर पातळ पांघरूण घ्यावेसे वाटते. म्हणून सकाळी सहा ते दहा उघड्यावर, अकरा ते चार जाड भिंतींच्या आत, आणि पाचनंतर पुन्हा बाहेर, असा सरळ हिशेब ठेवावा. उलटा क्रम लावणारे, म्हणजे सकाळी उशिरा उठून भर दुपारी गड चढायला निघणारे पाहुणे मी दरवर्षी पाहतो आणि संध्याकाळी त्यांच्यासाठी इलेक्ट्रालची पाकिटे आणायला मलाच जावे लागते.

एका दिवशी एकच दिशा

नाशिकचा वाइन पट्टा एका रस्त्यावर नाही. शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरणाच्या परिसरात सुला, यॉर्क आणि सोमा या वाइनरी आहेत. उत्तरेला दिंडोरी तालुक्यात शांदों या वाइन कंपनीचा प्रकल्प आहे. नैऋत्येला इगतपुरी तालुक्यात सांजेगावला ग्रोव्हर झांपा आणि कावनईच्या बाजूला व्हॅलोने आहे. पूर्वेला विंचूर येथे २००१च्या राज्य धोरणानंतर उभा राहिलेला वाइन पार्क आहे. दोन दिवसांत सगळे पाहून होईल असा बेत करणाऱ्याचा निम्मा वेळ रस्त्यावर आणि उरलेला पार्किंगमध्ये जातो. एका दिवशी एकच दिशा धरावी आणि त्या दिशेला वाइनखेरीज जे आहे तेही पदरात पाडून घ्यावे.

मुंबईहून येणाऱ्यांसाठी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. त्यामुळे मुंबईकरांनी इगतपुरीची दिशा येतानाच उरकावी आणि मग शहरात मुक्कामाला यावे. पुण्याहून येणाऱ्यांना वाटेत सिन्नर लागते. तेथील गोंदेश्वराचे यादवकालीन पंचायतन मंदिर सकाळच्या तिरप्या उन्हात पाहावे, कारण दुपारी त्या दगडी अंगणात अनवाणी पाय ठेववत नाही.

बागेत काय पाहावे

उन्हाळ्यातल्या बागेला 'रिकामी बाग' म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. वर्षभराचा हिशेब याच दोन महिन्यांत ठरतो.

थंड देशांत हिवाळ्यात वेल झोपते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून नाशिकचा शेतकरी तिला दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये होते ती खरड छाटणी. पावसाळ्याच्या शेवटी, टेबल द्राक्षांसाठी, म्हणजे खायच्या द्राक्षांसाठी, बहुधा ऑक्टोबरमध्ये आणि वाइन द्राक्षांसाठी त्याच्या थोडी आधी, होते ती फळछाटणी. खरड छाटणीत जुन्या काड्या ओलांड्यापर्यंत, म्हणजे खोडावरून तारेवर वळवलेल्या जाड फांदीपर्यंत, जवळजवळ बुडातून उतरवतात. छाटणीच्या टोळ्या पेठ, सुरगाणा, दिंडोरी भागातून आलेल्या असतात आणि पहाटेपासून कात्र्यांचा टक-टक आवाज बागभर चालू असतो. दहा वाजेपर्यंत ओळींच्या मध्ये काड्यांचे ढीग पडतात आणि काल हिरवी दिसणारी बाग तारा आणि खांब उघडे पाडून उभी राहते.

आठ-दहा दिवसांनी त्याच बागेत पुन्हा जाता आले तर अवश्य जावे. ओलांड्यावर बोट फिरवले की डोळ्यांवर, म्हणजे नव्या फुटीच्या कोंबांवर, कापसासारखी लव लागते, आणि तीच लव फाडून गुलाबी कडांची पहिली पाने बाहेर येतात. शेतकरी याला पोंगा म्हणतात. पुढच्या चाळीस ते साठ दिवसांत या नव्या काडीच्या डोळ्यांत, नजरेला दिसणार नाही अशा आकारात, येत्या हंगामाचा घड तयार होतो. त्यासाठी काडीवर भरपूर ऊन पडावे लागते. मे महिन्यात आभाळ भरून राहिले तर फळछाटणीनंतर घड कमी निघतात. म्हणजे ज्या उन्हापासून पाहुणे टोपी-गॉगल घेऊन पळतात, ते बागाईतदाराला हवेच असते, आणि ही गोष्ट बागेत उभे राहून कळली की उन्हाचा राग थोडा कमी होतो, हा माझा अनुभव आहे.

टेबल द्राक्ष आणि वाइन द्राक्ष यांच्या बागा रिकाम्या असतानाच सहज ओळखू येतात. खायच्या द्राक्षांची बाग मांडवावर किंवा वाय आकाराच्या सांगाड्यावर असते, त्यामुळे तिच्याखालून माणूस चालू शकतो. वाइन द्राक्षांची ओळ एका उभ्या भिंतीसारखी असते आणि तिच्या बाजूने चालावे लागते. मार्चपर्यंत पानांनी हा फरक झाकलेला असतो.

बागेत शिरण्याचे काही संकेत पाळावेत. खासगी बागेत विचारल्याशिवाय जाऊ नये, आणि विचारताना "फवारणी झाली आहे का?" हेही विचारावे, विशेषतः लहान मुले बरोबर असतील तर. ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नये. कोवळी फूट फोटोसाठी वाकवू नये, ती काचेसारखी तुटते. वाडीवर कोणी दादा किंवा काका भेटले आणि त्यांच्याशी दोन शब्द बोलता आले, तर पाणी किती दिवसाआड मिळते हे विचारावे. उन्हाळ्यात या भागात सगळ्या गप्पा शेवटी पाण्यावरच येतात.

दुपार तळघरात

उन्हाळ्यातली वाइनरी पाहण्याची खरी वेळ दुपार आहे. आंबवणे संपलेले असते, त्यामुळे हंगामातली धावपळ नसते आणि माहिती देणाऱ्यांना प्रश्नांची उत्तरे द्यायला सवड असते. पोलादी टाक्यांभोवती थंड द्रव फिरवणारी आवरणे असतात, कारण पांढरी वाइन कमी तापमानावर सावकाश आंबवली तरच तिचा फळांचा वास टिकतो. बाहेर चाळीस अंश आणि टाकीच्या अंगावर घाम सुटल्यासारखे दवाचे थेंब, हे दृश्य फक्त याच दिवसांत पाहायला मिळते. पिंपांच्या खोलीत ओकच्या साधारण २२५ लिटरच्या पिंपांतून वाइन लाकडातून हळूहळू उडत असते, म्हणून ती वेळोवेळी भरून घ्यावी लागते. कोणत्या पिंपात किती महिने ठेवली आहे, हे प्रत्येक ठिकाणी विचारावे. उत्तर देणारा किती मनापासून सांगतो आहे, यावरून त्या वाइनरीचा अंदाज येतो.

जेथे फसफसणारी वाइन पारंपरिक पद्धतीने बनते, तेथे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवणे होते. मेलेले यीस्ट मानेशी गोळा व्हावे म्हणून बाटल्या हळूहळू फिरवत उलट्या केल्या जातात. हे समजावून घेण्यासारखे काम आहे. गाईडने ते घाईत उरकले तर थांबवून विचारायला संकोच करू नये.

चाखण्याच्या वेळी साधारण पाच-सहा प्रकार पुढे येतात. क्रम फसफसणारी, पांढरी, गुलाबी, लाल आणि शेवटी गोड असा असावा. पेला दांडीला धरावा, कारण हाताच्या उष्णतेने वाइन तापते. प्रत्येक घोट गिळलाच पाहिजे असे नाही, थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते आणि ते वापरण्यात लाजण्यासारखे काही नाही. वासांची नावे परदेशी पुस्तकांतून उसनी घेण्यापेक्षा मी पाहुण्यांना सकाळी बाजारातून एक कैरी, दोन पेरू आणि मे महिना असेल तर द्रोणभर करवंदे घ्यायला लावतो. कैरीची फोड चावून मग सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनचा घोट घेतला की आंबटपणा म्हणजे काय ते जिभेला कळते. शेनिन ब्लां या दुसऱ्या पांढऱ्या वाइनच्या वासात पेरू सापडतो. शिराझ या लाल वाइनमधला तुरटपणा जांभूळ खाल्ल्यावर जीभ आकसते तसाच असतो आणि मागून काळी मिरी येते. हा खेळ मुलांनाही द्राक्षाच्या रसावर खेळता येतो. घरातली वाइन न पिणारी मंडळी यात आनंदाने सामील होतात, असे मी पाहिले आहे.

एक सावधगिरी मात्र पाळावी. नाशिकची मिसळ आणि वाइन चाखणे एकाच सकाळी करू नये. काळ्या मसाल्याच्या तर्रीने जीभ भाजली की पुढच्या सहा पेल्यांत सातशे रुपये आणि सत्तर रुपये यांतला फरक कळत नाही. मिसळ दुसऱ्या दिवशी सकाळी, शक्यतो चुलीवरची, पापड आणि दह्याबरोबर खावी.

कायद्याच्या चार गोष्टी

महाराष्ट्रात वाइन पिण्यासाठी वय २१ पूर्ण असावे लागते, म्हणून ओळखपत्र बरोबर असू द्यावे. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर तो गुन्हा आहे आणि ही मर्यादा दोन पेल्यांतही ओलांडली जाऊ शकते. एकाने त्या दिवशी न पिता गाडी चालवावी किंवा दिवसभरासाठी गाडी चालकासह ठरवावी.

तिसरी गोष्ट मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी पुण्याचा मावसभाऊ आणि वहिनी सुट्टी जोडून आले आणि मी मोठ्या उत्साहाने त्यांना एका वाइनरीत घेऊन गेलो. तारीख होती १ मे. महाराष्ट्र दिनी मद्यविक्री बंद असते, हे माझ्या ध्यानातच नव्हते. दारावरच्या माणसाने अतिशय नम्रपणे सांगितले की लिंबू सरबत मिळेल. वहिनी अजूनही नाशिकची वाइन म्हणजे लिंबू सरबत असे म्हणतात. उन्हाळ्यात निवडणुका असतील तर मतदानाआधीचे बंदीचे दिवसही पाहून घ्यावेत.

वाइनखेरीज

पश्चिमेच्या दिवशी पहाट पांडवलेण्यांना द्यावी. शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर, मुंबई महामार्गालगत, त्रिरश्मी डोंगरात कोरलेली ही २४ लेणी सातवाहन आणि क्षहरात या राजघराण्यांच्या काळातली आहेत. पायऱ्या चढायला अर्धा तास पुरतो. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाची आई गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध शिलालेख आहे, तर दहाव्यात क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याने दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या भागात कोण कोणाला गावे, जमिनी आणि नाणी देत होते, ते भिंतीवर वाचून झाले की खाली उतरून त्र्यंबक रस्त्याला किंवा गंगापूरकडे निघावे. संध्याकाळी गंगापूर धरणाचा जलाशय गाठावा. उन्हाळ्यात पाणी मागे सरकते आणि काठावर भेगाळलेली माती उघडी पडते, त्यामुळे फोटोसाठी पाण्याच्या अगदी कडेला जाऊ नये, चिखल वरून वाळलेला आणि आतून ओला असतो. बोटिंग चालू आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारावे. दुगारवाडीच्या धबधब्याची चौकशी करू नये, त्याला पाऊस लागतो.

उत्तरेला दिंडोरी रस्त्यावर रामशेज आहे. हा लहानसा गड १६८२पासून कित्येक वर्षे औरंगजेबाच्या सैन्याला हटवत राहिला. पाऊण तासात माथा गाठता येतो, पण साडेसहाला पायथ्याशी असावे. त्याच दिशेला पुढे वणीजवळ सप्तशृंगी गड आहे. चैत्रोत्सवात, म्हणजे रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत, खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांनी सगळा रस्ता भरलेला असतो. ज्याला ती वारी पाहायची आहे त्याने त्याच दिवसांत जावे, आणि ज्याला निवांत दर्शन हवे आहे त्याने ते दिवस टाळावेत. दोन्ही एकदम साधत नाही.

पूर्वेचा दिवस मला सर्वांत आवडतो, पण पाहुणे तोच वगळतात. निफाड, लासलगाव, विंचूर, येवला हा पट्टा एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळी कांद्याने भरलेला असतो. शेतात काढलेल्या कांद्याच्या पाती कापणाऱ्या बायका, उन्हात सुकत घातलेले ढीग, आणि हवा खेळावी म्हणून जमिनीपासून उंच बांधलेल्या लांबट कांदा चाळी, असे दृश्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसते. लासलगावच्या बाजार समितीत सकाळी लिलाव चालू असताना जावे. एका ट्रॉलीपुढे व्यापारी घोळक्याने उभे राहतात, कोणीतरी मूठभर कांदे उचलून हातात वजन करून पाहतो, भाव पुकारला जातो आणि मिनिटभरात घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. शेतकरी ट्रॉलीवर बसून चेहरा शक्य तितका कोरा ठेवतो. तेथे मध्ये उभे राहून फोटो काढू नये, कडेने पाहावे. मग ऊन चढले की येवल्याला पैठणीच्या मागांवर जावे. विणकराच्या घरात माग असलेली खोली थंड असते. पदरावरचा मोर विणताना रेशमाच्या छोट्या कांड्या एकेका रंगासाठी हाताने गुंफल्या जातात. पंधरा मिनिटे नुसते पाहत बसावे आणि विकत घेण्याची घाई करू नये. मागचा धागा उलट्या बाजूने कसा दिसतो ते विणकराला दाखवायला सांगावे, हातमागाची आणि यंत्रमागाची पैठणी ओळखायला त्याचा उपयोग होतो.

शहरातली एक संध्याकाळ गोदाकाठी घालवावी. नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात आणि 'गंगेवर जाऊन येतो' असे सांगून रामकुंडावर जातात. चैत्रातल्या कामदा एकादशीला मुक्काम असेल तर श्रीरामाचा आणि गरुडाचा असे दोन रथ ओढले जाताना पाहावेत. काळाराम मंदिराच्या दारात उभे राहताना २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे सुरू झालेला सत्याग्रह बरोबरच्या मुलांना सांगावा. परतताना भांडी बाजारातून तांब्याचा तांब्या घ्यावा, बाटल्यांपेक्षा तो जास्त वर्षे टिकतो.

रात्रीचेही दोन कार्यक्रम आहेत. होळीनंतर पावसाळ्यापर्यंत पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या आदिवासी गावांत आणि शेजारच्या जव्हार-मोखाड्यात बोहाडा होतो. देवादिकांचे रंगीत मुखवटे चढवून संबळ-पिपाणीवर रात्रभर सोंगे नाचतात. त्याच्या तारखा गावोगाव वेगळ्या असतात आणि त्या रस्त्याकडेला करवंदे विकायला बसलेल्या मावशींना जितक्या नक्की ठाऊक असतात तितक्या कोणालाच नसतात. आमंत्रण मिळाले तर जावे, पण तो गावाचा उत्सव आहे हे लक्षात ठेवून मागे बसावे. दुसरा कार्यक्रम काजव्यांचा. मेच्या अखेरीस पहिले वळीव पडले की इगतपुरीच्या पलीकडे भंडारदऱ्याच्या रानात हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडे काजव्यांनी लखलखतात. गाडीचे दिवे बंद करावेत, मोबाइलचा टॉर्च खिशात ठेवावा आणि काजवे हातात पकडू नयेत. शनिवारी-रविवारी तेथे गाड्यांच्या दिव्यांचाच उजेड जास्त असतो, म्हणून मधला वार निवडावा.

बाटल्या घरी नेताना

उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत वाइन ठेवणे म्हणजे ती शिजवणे आहे. मी स्वतः एकदा येवल्याला मागांवर दोन तास रमलो आणि डिकीतली लाल वाइन विसरलो. परत आलो तेव्हा बुच दोन बोटे वर आले होते, घरी उघडल्यावर तिला मनुकांच्या पाकाचा वास येत होता आणि शेवटी ती रश्श्यात घालावी लागली. फसफसणाऱ्या वाइनच्या बाटलीत मोटारीच्या टायरपेक्षा अडीच-तीन पट दाब असतो, त्यामुळे ती गाडीत तापू देणे धोक्याचेच आहे. खरेदी शेवटच्या दिवशी, निघण्यापूर्वी करावी. मासळीवाले वापरतात तसा थर्मोकोलचा खोका आणि बर्फाच्या दोन पिशव्या घरूनच आणाव्यात. खोका डिकीत न ठेवता एसी लागतो तेथे, पायांशी ठेवावा.

लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी, हा सल्ला युरोपातल्या गार खोल्यांसाठी आहे. मे महिन्यात आपली खोली पस्तीस अंशांवर असते, म्हणून लाल बाटलीसुद्धा उघडण्यापूर्वी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. पांढरी दोन-तीन तास ठेवावी. बरोबर खायला नाशिकचा चिवडा असावा, त्यातला तळलेला कांदा आणि सुके खोबरे फसफसणाऱ्या वाइनला जितके साजते तितके मला तरी परदेशी चीजही साजलेले नाही.